लक्ष्मणराव किर्लोस्कर : आधी वस्ती, मग कारखाना

कुंडलरोड :

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव काढलं की लोकांना पंप आठवतात, इंजिनं आठवतात, त्यांचा मुलगा शंतनुराव आठवतो. मला लिहायचंय ते त्याच्या आधीच्या लक्ष्मणरावांबद्दल. वय चाळीस, पाठीशी मोठं कुटुंब, हाताशी थोडी यंत्रं, आणि बेळगावच्या नगरपालिकेचा निरोप आलेला की शहराच्या वाढीसाठी जागा हवी आहे, कारखाना हलवा. इथून पुढे त्यांनी जे केलं त्याला आपण ‘उद्योग उभारला’ एवढं म्हणून मोकळे होतो. पण त्यांनी आधी एक गाव वसवलं आणि त्या गावाच्या जिवावर कारखाना चालवला. या धाग्यात मला तेच नीट मांडायचं आहे.

आधीचं थोडक्यात. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाच्या डोक्यात चित्रकला. थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणून लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचले. तिथे लक्षात आलं की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांमधला फरकच कळत नाही. रंगकाम सुटलं, यंत्रांची रेखाटनं मात्र सुटली नाहीत. त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायची नोकरी मिळाली. संस्था नवी होती, यंत्रं भोवती होती, आणि हा चित्रकलेचा विद्यार्थी यंत्रं खोलून, जोडून, मासिकं वाचून कारागीर झाला. १८९७ च्या सुमारास हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात सायकलींचा धंदा आधीपासून होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा इकडे विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर समूह आपलं मूळ १८८८ सालात धरतो ते याच दुकानामुळे. नोकरी सुटल्यावर कडबा कापायचं यंत्र आलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. नांगर दोनेक वर्षं जवळजवळ पडून राहिले, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती समजूत ओसरून विक्रीला जरा गती येते न येते तोच जागा सोडायची पाळी आली.

आता मुख्य गोष्ट. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ च्या नोव्हेंबरात गादीवर आले. ते स्वतः चित्रकार, लक्ष्मणरावांशी आधीपासून स्नेह. औंधच्या मंदिरापुढचा सभामंडप बांधायचं काम त्यांनी लक्ष्मणरावांना दिलं होतं. कारखाना उठतोय हे कळल्यावर त्यांनी आपल्या संस्थानात कुठेही जागा बघा म्हणून सांगितलं, वर कर्जाचीही सोय केली. औंध संस्थान सलग नव्हतं. औंध इकडे, आटपाडी तिकडे, कुंडलचा भाग आणखी तिसरीकडे. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ निवडला. सुमारे ३२ एकर. निवडुंग आणि साप. पाण्याची टंचाई. जमेची बाजू एकच, रूळ दाराशी. ओतकामाला लागणारं लोखंड आणि कोळसा आगगाडीने येणार, नांगर आगगाडीने जाणार.

१० मार्च १९१० पासून तिथे वस्तीला सुरुवात झाली. हीच पुढची किर्लोस्करवाडी. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं. हे लोक बेळगावासारखं शहर सोडून आले होते, तिथे बाजार होता, शाळा होती, डॉक्टर होता. माळावर यातलं काहीच नव्हतं. म्हणजे कारखाना चालवायचा तर निवडुंग तोडायचा, राहायला निवारा करायचा, प्यायला पाणी आणायचं, पोरांना शिकवायची सोय करायची, आणि हे सगळं उधारीच्या पैशातून. वस्तीचा कारभार रामूअण्णांनी अंगावर घेतला. यंत्रशाळा लक्ष्मणरावांची, गाव रामूअण्णांचं, अशी ती वाटणी होती. रामूअण्णांवर फार कमी लिहिलं गेलंय, याचं मला वाईट वाटतं. गटारं, झाडं, स्वच्छता, कुणाच्या घरी कोण आजारी आहे, ही कामं इतिहासात जागा मागत नाहीत, पण पंचवीस कुटुंबं त्या माळावर टिकली ती त्यामुळे.

मला यात मोठं वाटतं ते असं : आपण ज्यांना दानशूर उद्योगपती म्हणतो, ते आधी कमावतात आणि उतारवयात शाळा-दवाखाने बांधतात. तेही चांगलंच. पण लक्ष्मणरावांकडे १९१० साली द्यायला काही नव्हतंच. त्यांच्यासाठी सार्वजनिक काम आणि धंदा ही एकाच सकाळी, त्याच माणसांनिशी करायची कामं होती.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम त्यांनी घातला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी काम दिलं, तेही रात्रीच्या राखणीचं. ज्याच्यावर गाव विश्वास टाकत नाही त्याच्याच हाती रात्रीचं गाव सोपवायचं, आणि हे १९१० च्या दशकात, हे मला आजही धाडसाचं वाटतं.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. मधल्या काळात हरिहर, बंगळूर, पुणे असा पसारा वाढला होता, तो बहुतेक मुलांच्या पिढीच्या हातून. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून इथे थांबतो. जाणकारांनी भर घालावी.

शेतवड :

धागा आवडला. एका वाक्यावर मात्र अडलो. ‘लोखंडाने जमीन नासते अशी समजूत’ हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, शेतकरी भोळा, कारखानदार शहाणा. आमच्याकडं कृष्णाकाठच्या काळ्या रानात लाकडी नांगराला चार-चार, सहा-सहा बैल लागायचे, जमीन कठीण असली तर आठ सुद्धा. ज्याच्याकडे एकच जोडी तो दुसऱ्याचे बैल मागून, इर्जिक घालून, म्हणजे शेजाऱ्यांना मदतीला बोलावून, नांगरट करायचा. असा शेतकरी नवं औत घेताना दहादा विचार करणारच.

लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून द्यायचा. मोडला तर तोच नीट करणार, त्याला सुगीला धान्य द्यायचं, रोख पैसा लागत नाही. लोखंडी नांगराला रोख पैसा. मोडला तर काय? सुतार हात लावणार नाही, लोहाराला बीड, म्हणजे ओतीव लोखंड, जोडता येत नाही. बैलांना झेपेल का, हीही शंका. या सगळ्या शंका रास्त होत्या. ‘जमीन नासते’ हे कदाचित त्यातलं बोलायला सोपं कारण असेल.

आणि तरी नांगर खपला, कारण त्याने एक काम असं केलं जे लाकडी नांगराला जमत नव्हतं. लाकडी नांगर जमीन चिरतो. लोखंडी नांगर माती उचलून पालथी घालतो. हरळी आणि कुंदा या तणांच्या मुळ्या उन्हाला आल्या की उन्हाळाभर वाळतात. ज्याने कुंद्याने भरलेलं रान बघितलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या भागात म्हातारी माणसं कुठल्याही कंपनीच्या लोखंडी नांगराला ‘किर्लोस्कर’च म्हणायची.

कुंडलरोड :

शेतवडदादा, हे फार मोलाचं लिहिलंत. मोडल्यावर काय, हा प्रश्न लक्ष्मणरावांनाही पडला असणार. साच्यात ओतलेल्या भागांचा फायदाच तो, एक फाळ झिजला की तसाच दुसरा बसतो, कारागिराला बोलवावं लागत नाही. रेल्वेच्या स्टेशनाला चिकटून राहण्यामागे सुट्या भागांचाही हिशेब असावा, असं मला वाटतं.

ओतारी :

मी ओतशाळेत आयुष्य काढलेला माणूस आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

बीड वितळायला बाराशे अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागतं. उभ्या भट्टीत कोक आणि लोखंड यांचे थर देतात, खालून वारा मारतात, तळाशी रस जमतो. कोक कडक लागतो, कारण वरच्या थरांचं सगळं वजन त्याच्यावर असतं. ओतलेलं बीड ठिसूळ. मोठा दगड लागला की कडा उडते. फाळाला कडा कडक हवी आणि पाठ चिवट हवी. त्यासाठी ओतताना कडेच्या बाजूला वाळूऐवजी लोखंडाचा साचा लावतात, रस तिथे पटकन गार होतो आणि तेवढी कड पांढरी, काचेसारखी कठीण होते. सांगायला दोन ओळी, पण हात बसायला वर्षं जातात. माळावरच्या वस्तीत, आजूबाजूला विचारायला एकही ओतारी नसताना हे उभं करणं म्हणजे काय, ते आम्हालाच कळतं.

पहिल्या महायुद्धाचा उल्लेख राहिला. कच्चं लोखंड तोवर विलायतेहून यायचं. टाटांच्या साकचीच्या, म्हणजे आजच्या जमशेदपूरच्या, भट्टीतून लोखंड निघायला १९११ च्या अखेरीस सुरुवात झाली होती, पण युद्धात तो माल सरकारला आधी. किर्लोस्करवाडीला ना लोखंड ना कोळसा. तेव्हा लाकडी कोळशावर भट्ट्या चालवल्या. लाकडी कोळसा ओझ्याखाली चुरतो, भट्टीत वारा कोंडतो, धग सारखी ठेवायला डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं. आणि लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा दिल्या. त्या फोडून, वितळवून नांगर केले.

गडवाटा :

ओतारीकाका, तोफांचं वाचलं की मला दर वेळी वाईट वाटतं. पन्हाळ्यासारख्या गडावरच्या तोफा म्हणजे आपला इतिहास. आज एखादी गंजकी तोफ दरीत सापडली तरी आम्ही पोरं दोर लावून वर काढतो, लाकडी गाडा करून बसवतो. आणि तेव्हा गाड्या भरून वितळवल्या. नांगर कुठल्याही लोखंडाचा झाला असता, त्या तोफा पुन्हा होणार नाहीत.

ओतारी :

तुमची कळकळ रास्त आहे. गडावर जाऊन तोफा वर काढणाऱ्या मुलांबद्दल मला आदरच आहे. पण त्या सालांत ‘कुठल्याही लोखंडाचा’ असं काही नव्हतंच, लोखंडच नव्हतं. भट्टी बंद म्हणजे वाडी रिकामी. कामगार एकदा पांगला की ओतकामातलं शिकलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. शिवाय पंचधातूच्या तोफा नांगराच्या कामाच्या नाहीत, नांगराला बिडाच्याच लागतात. तेव्हा सगळा गड वितळवला असं धरू नका.

शेतवड :

आणि देणारा राजा कोण होता तेही बघा. राधानगरीचं धरण हाती घेणारा, शेतकऱ्याचा जीव ओळखणारा. शाहू महाराजांना गडाची किंमत कळत नव्हती असं म्हणता यायचं नाही. त्यांनी ठरवून दिल्या.

साधना मिरज :

मला वाडीतल्या माणसांबद्दल थोडं लिहायचंय. शिक्षा भोगून आलेल्यांना राखणीवर ठेवल्याचा मुद्दा कुंडलरोड यांनी दोन ओळींत संपवला, पण माझ्या दृष्टीने तो या सगळ्याचा गाभा आहे. त्या काळात काही जातींवर जन्मानेच गुन्हेगार असा सरकारी शिक्का होता. पोलीसपाटलाकडे हजेरी द्यायची, गाव सोडायला परवानगी काढायची. अशा भोवतालात, ज्याच्यावर चोरीचा शिक्का त्याला कंदील आणि काठी देऊन ‘तू राखण कर’ म्हणणं यात नुसती दया नाही. त्यात माणूस ओळखणं आहे.

याच औंध संस्थानात पुढे १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं, कैद्यांची भिंती नसलेली वसाहत. त्यामागे मॉरिस फ्रीडमन होते, मूळचे पोलंडचे अभियंते. वाडीवरून त्यांनी कल्पना घेतली असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण एका लहानशा संस्थानात, तीन दशकांच्या आत, अविश्वासाच्या जागी विश्वास ठेवून बघायचे असे दोन प्रयोग व्हावेत हे मला महत्त्वाचं वाटतं. तिथल्या हवेत काहीतरी होतं, आणि ती हवा राखण्यात बाळासाहेबांचा वाटा मोठा.

दुसरी गोष्ट छापखान्याची. १९२० मध्ये वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झालं. आधी नांगरांची, कारखान्याची माहिती, गिऱ्हाइकांशी बोलणं. पुढे त्याचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० ला ‘स्त्री’, १९३४ ला ‘मनोहर’. संपादक शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, लक्ष्मणरावांचे पुतणे. तेही चित्रकार, लाहोरला सातवळेकरांकडे शिकलेले. बघा, घरात चित्रकला कशी वेगवेगळ्या वाटांनी झिरपली.

ज्या माळावर वीस वर्षांपूर्वी निवडुंग होता तिथून बायकांसाठीचं मासिक निघतंय, त्यात शिक्षण, पुनर्विवाह, आरोग्य यांवर मोकळेपणाने लिहिलं जातंय. माझ्या आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी आयुष्यातलं पहिलं मासिक वाचलं ते ‘स्त्री’. तालुक्याच्या गावी ते टपालाने यायचं आणि चार घरांत फिरायचं. लक्ष्मणरावांनी स्वतः त्यात काय केलं असं कुणी विचारेल. त्यांनी असलं काही छापायला ‘याचा धंद्याशी काय संबंध’ असं विचारलं नाही, हे मला पुरेसं वाटतं.

दख्खनी :

सगळ्यांचं वाचलं. एक वेगळा मुद्दा मांडतो, कुणी मनाला लावून घेऊ नये.

घर मालकाचं, नोकरी मालकाची, शाळा मालकाची, गावाचे नियमही मालकाचे. मालक भला असेल तोवर सगळं छान. पण कामगाराची नोकरी गेली तर त्याच दिवशी त्याचं घर जातं, पोरांची शाळा जाते, शेजार जातो. त्याने मालकाशी भांडायचं कसं? गिरणी कामगाराला निदान चाळीतली खोली स्वतःच्या भाड्याची होती, संपात तो तिथे टिकून राहायचा. अस्पृश्यता नको हा नियम उत्तमच, पण तो मालकाच्या हुकमाने आला. गावाने ठरवून आला असता तर जास्त खोल रुजला असता.

तुलना करायची तर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याची करा. विठ्ठलराव विखे पाटील, जन्म १८९७, गेले १९८० ला. त्यांचाही साखर कारखाना, त्यांच्याही भोवती शाळा-दवाखाने, त्यांचंही दीर्घ आयुष्य. पण कारखाना सभासद शेतकऱ्यांचा, धनंजयराव गाडगीळ अध्यक्षस्थानी, १९५० च्या अखेरीस गाळप सुरू. तिथे शेतकरी मालक होता. गावासाठी झटणारा उद्योजक म्हणायचं तर माझं मत विठ्ठलरावांना.

कुंडलरोड :

दख्खनी, मुद्दा खरा आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. मालकाच्या वस्तीत कामगाराचं घर नोकरीला बांधलेलं असतं, हे दुखणं जगभरच्या अशा सगळ्या वसाहतींचं आहे. वाडी त्याला अपवाद होती असं मी म्हणणार नाही.

पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, काळ. प्रवरेच्या मागे सहकाराचा कायदा होता, सहकारी बँक होती, गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ होता, स्वतंत्र भारताचं मुंबई सरकार भागभांडवल द्यायला तयार होतं. १९१० साली कुंडल रोडच्या माळावर यातलं काय होतं? एक राजा आणि एक कर्ज. सहकारी पतपेढ्यांचा कायदाच मुळी १९०४ चा. पंचवीस कामगारांनी भाग घेऊन ओतशाळा काढावी अशी वाट तेव्हा कुणाला दिसलेली नव्हती.

दुसरी गोष्ट, मालक आणि कामगार यांच्यात अंतर किती. लक्ष्मणराव मुंबई-पुण्याच्या बंगल्यात राहून वाडी चालवत नव्हते. त्यांची बायको राधाबाई, मुलं, भावाचं कुटुंब, सगळे त्याच माळावर, तेच पाणी पीत होते. मुलं कारखान्याच्या अंगणात वाढली. शंतनुराव १९२२ ला एमआयटीला गेले आणि पदवी घेऊन १९२६ ला परत वाडीतच आले. साप निघाला तर मालकाच्याही घरात निघायचा. एवढ्याने लोकशाही येत नाही, मान्य. पण वाईट पाण्याचा त्रास मालकालाही होत असेल तर पाण्याची सोय लवकर होते.

आणि ‘हुकमाने आला’ याबद्दल. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या विहिरीला हात लावायचा की नाही, हे १९१० च्या दशकात गावावर सोडलं असतं तर गावाने काय ठरवलं असतं, ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. तिथे हुकूम काढणारा कुणीतरी लागत होता.

दख्खनी :

शेवटचा परिच्छेद पटला. पहिल्याबद्दल माझं मत कायम. सहकार नव्हता म्हणून मालकी वाटता आली नाही हे १९१० ला ठीक, १९४० ला नाही. तोवर सहकार रुजला होता, औंध संस्थानाने तर १९३९ च्या सुमारास राज्यकारभारच प्रजेच्या हाती दिला. राजाने सत्ता सोडली, कारखानदाराने मालकी सोडली नाही. हा फरक मला तरी दिसतो.

कुंडलरोड :

हो, फरक आहे आणि तुम्ही तो अगदी नेमका पकडलात. माझ्या लेखात तो यायला हवा होता. इथे राहू द्या, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांना दोन्ही बाजू एकत्र सापडतील.

टिळकवाडीचा :

बेळगावकर म्हणून एक सांगतो. नगरपालिकेने उठवलं म्हणून आम्ही पुष्कळ हळहळतो. पण त्या काळात बेळगावसारख्या गावांत प्लेगने किती धुमाकूळ घातला ते जुन्या घरांतून अजून ऐकायला मिळतं. दाटीतली वस्ती मोकळ्या जागी न्यायची, नवे वाडे आखायचे, रुंद रस्ते ठेवायचे, हे तेव्हा नगरपालिकांचं खरंच तातडीचं काम होतं. कारखान्याला पर्यायी जागा द्यायला हवी होती, ती चूक. पण नवी वस्ती वसवणं ही चूक नव्हती. आखीव रस्ते, मोकळी हवा, हे विचार लक्ष्मणराव आणि रामूअण्णांनी आमच्याच गावात डोळ्यांनी बघितले असणार. त्यामुळे वाडीच्या आखणीत थोडं बेळगाव आहे, असं आम्ही प्रेमाने म्हणतो.

नवशिका :

१९४८ बद्दल कुणीच बोललेलं नाही. आमच्या घरी त्या जाळपोळीची आठवण निघाली की आजही सगळे गप्प होतात. किर्लोस्करवाडीलाही झळ लागली होती ना?

कुंडलरोड :

झळ नव्हे, आग लागली. गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं-दुकानं जाळली गेली, त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. अस्पृश्यता न पाळणारं गाव वसवणाऱ्या माणसाच्या वाट्याला म्हातारपणी जातीच्या नावाने लावलेली आग यावी, यापुढे मला शब्द सुचत नाहीत.

एवढं मात्र लिहितो, की कारखाना तिथून हलवला गेला नाही. तोवर पुण्यात, बंगळूरला समूहाच्या कंपन्या निघाल्या होत्या. वाडी सोडायला सबळ कारण मिळालं होतं, सोडली असती तर कुणी बोल लावला नसता. तरी कारखाना तिथेच पुन्हा उभा केला आणि आज पलूस तालुक्यातल्या त्याच जागी पंप तयार होतात. दख्खनींनी मालकी न सोडण्याबद्दल लिहिलं, ते मी मान्य केलं. जागा न सोडणं हेही त्याच हिशेबात धरावं, अशी माझी विनंती.

साधना मिरज :

नवशिका, घरात गप्प होतात म्हणालात, ते कळतं. जमलं तर आजी-आजोबांना हळूच विचारून लिहून ठेवा. त्या पिढीतली आता फार थोडी माणसं उरली आहेत. आणि त्या दिवसांत कुणी कुणाला घरात लपवलं, कुणी दारात उभं राहून जमाव परतवला, तेही विचारा. तशाही गोष्टी गावोगावी आहेत, पण त्या लिहिलेल्या नाहीत.

शेतवड :

एक जुनी गोष्ट राहिली. वाडीत फक्त नांगर होत नव्हते. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, हातपंप, पुढे विहिरीवरचे पंप. हा क्रम बघितला तर आमच्या भागातली शेती कशी बदलली ते दिसतं. आधी रान मोकळं केलं, मग गुऱ्हाळाला लाकडी चरकाऐवजी लोखंडी चरक दिला, मग शेंगा, मग पाणी. १९२० च्या दशकात पंप करायला घेतले तेव्हा मोटेवर बैल जुंपणाऱ्यांचा भाग होता हा. मालक गावात राहत असला की त्याला शेतकऱ्याची पुढची अडचण दारात दिसते. मुंबईच्या कारखान्यात बसून मोटेचा पंप सुचला नसता.

ओतारी :

चरकाबद्दल सहमत. बिडाच्या चरकात लाटांवरचा, म्हणजे ऊस पिळणाऱ्या रुळांवरचा, दाब सारखा राहतो, म्हणून त्याच उसातून रस जास्त निघतो. लाकडी चरकाच्या लाटा झिजतात, चिपाडात रस राहून जातो. कोल्हापूर-सांगलीच्या गुळाला त्याने मोठा हातभार लावला असणार.

नीलाक्षी :

परवा जुन्या तिकिटांच्या संग्रहात लक्ष्मणरावांचं टपाल तिकीट बघितलं, २० जून १९६९ चं, जन्मशताब्दीचं. हे नक्की कोण, हे मला इथे येऊन कळलं. एक प्रश्न आहे : किर्लोस्करवाडीसारखी आणखी गावं आपल्याकडे झाली का? वालचंदनगर ठाऊक आहे. साखर कारखान्यांच्या वसाहती सोडून आणखी?

कुंडलरोड :

ओगलेवाडी. कराडजवळ. १९१६ सालचा ओगले बंधूंचा काचकारखाना, ‘प्रभाकर’ कंदील तिथलाच. आणि योगायोग म्हणा किंवा नका म्हणू, तिथेही औंधच्या बाळासाहेबांचाच आधार होता. एकाच छोट्या संस्थानाने सहा वर्षांत दोन कारखान्यांना आसरा दिला आणि दोन्ही जागी ‘वाडी’ वसली. माळावरची ओसाड जमीन आणि काहीतरी करून दाखवणारी माणसं यांची गाठ घालून देणं, एवढंच त्या राजाने केलं, पण दोनदा केलं.

ओगलेवाडीवर वेगळा धागा काढायला हवा. कराडकडच्या कुणी सुरुवात केली तर मी काच वितळवायच्या भट्टीपुरतं ओतारीकाकांना तिकडे ओढून आणतो.

ओतारी :

ओढायला नको, येतो. काचेची भट्टी बिडाच्या भट्टीपेक्षा फार वेगळी, ती विझवताच येत नाही. पण ते तिकडेच लिहीन.